प्रश्न वाचकांचे : 'आमच्या माणसांना बदल नकोच असतो'

व्यवसायात मोठा बदल घडवून आणताना येणाऱ्या अडचणींविषयी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही मागील अंकात केले होते. आलेल्या बहुतेक पत्रांत शीर्षकातले वाक्य या ना त्या शब्दांत आढळले. कारखान्यांच्या कार्मिक विभागात नोकरी करताना हे वाक्य मीही अनेकदा उच्चारले आहे, आणि ज्या ज्या वेळी उच्चारले त्या त्या वेळी मी काहीतरी पाहायचे टाळत होतो, असे आता वाटते. निवडक पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांची ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत.

प्रश्न : कोल्हापूरजवळ शिरोलीला आमची फौंड्री, म्हणजे धातूच्या ओतकामाचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केली, गेली सात वर्षे मी पाहतो. कामगार सुमारे नव्वद. गेल्या वर्षी उत्पादनाची नोंद ठेवणारे सॉफ्टवेअर घेतले. प्रत्येक हीटचे (भट्टीत एका वेळी वितळवलेल्या धातूचे) तापमान, किती साचे भरले, किती कास्टिंग (ओतीव भाग) रिजेक्ट झाले आणि कशामुळे, हे सुपरवायझरने टॅबवर भरायचे असे ठरले. दहा महिने झाले तरी सगळे खिशातल्या डायरीतच लिहितात आणि पाळी संपताना टॅबवर अंदाजाने आकडे टाकतात. आमचे जुने फोरमन, ज्यांना मी लहानपणापासून काका म्हणतो, उघड विरोध करत नाहीत. पण 'तुमचं यंत्र वाळू मुठीत धरून बघतं का?' असे सर्वांसमोर विचारतात. त्यांना बाजूला केल्याशिवाय हे जमणार नाही, असे वाटू लागले आहे. आपले मत काय?

उत्तर : काकांना बाजूला करू नका. हे मी भावनेपोटी सांगत नाही. त्यांचा प्रश्न टोमण्याच्या सुरात आला असला तरी तो तांत्रिकदृष्ट्या अगदी बरोबर आहे. साच्याच्या वाळूत ओलावा जास्त राहिला की कास्टिंगमध्ये ब्लोहोल, म्हणजे वायूमुळे पडणारी पोकळ भोके वाढतात, हे आपण जाणताच. वाळू मुठीत दाबून, मग मोडून पाहून तिचा अंदाज घेणारा माणूस दिवसभरात अनेक हीट वाचवत असतो. आपल्या टॅबवर ओलाव्याची नोंद करायला जागा आहे का? नसेल, तर ती व्यवस्था नुकसान मोजते आणि नुकसान टाळणाऱ्याला मोजत नाही. मग काकांनी तिला आपले का म्हणावे?

दुसरी गोष्ट अधिक अवघड आहे. कागद जाऊन पडदा आला, एवढाच बदल झाला असे आपण समजता. डायरी खिशात असते, ती कोणाला आणि केव्हा दाखवायची हे लिहिणाऱ्याच्या हातात असते. टॅबवरचा आकडा मात्र त्याच क्षणी आपल्या केबिनमध्ये पोहोचतो. म्हणजे चूक प्रथम कोणी पाहायची, हे बदलले. पूर्वी सुपरवायझर ती पाहून, दोन तासांत दुरुस्त करून, मग आपल्याला सांगत असे. आता आपण ती त्याच्याआधी पाहता. टॅब सुरू झाल्यानंतर रिजेक्शन वाढलेले दिसले तेव्हा आपण पहिला फोन कोणाला केला आणि त्यात पहिले वाक्य काय होते, हे आठवून पाहा. ते वाक्य 'हे कुणामुळे झालं?' असे असेल, तर संध्याकाळी अंदाजाने भरले जाणारे आकडे हे त्या फोनचेच उत्तर आहे.

या संदर्भात एक जुना प्रयोग सांगतो, कारण तो प्रयोगशाळेत नव्हे, चालू कारखान्यात झाला. अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यातील मॅरियन गावी हारवूड नावाच्या कंपनीत पायजमे शिवले जात. मोबदला नगावर होता. कामाची पद्धत बदलली की कामगार नाराज होत, उत्पादन घसरे, काही जण काम सोडून जात. विशेष म्हणजे नवे काम शिकेपर्यंत नुकसान होऊ नये म्हणून कंपनी वेगळा भत्ता देत असे, तरीही काम बदललेल्यांपैकी जेमतेम ३८ टक्के लोक पुन्हा ठरलेल्या वेगाला पोहोचत. लेस्टर कॉक आणि जॉन फ्रेंच यांनी तेथे वेगवेगळ्या गटांत बदल वेगवेगळ्या रीतीने करून पाहिला आणि १९४८ साली त्याचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका गटाला नेहमीप्रमाणे बैठकीत बोलावून, स्पर्धेमुळे बदल आवश्यक आहे असे सांगून, नवे दर समजावून कामाला लावले. बदल तसा किरकोळ होता: इस्त्री केलेले कपडे पुठ्ठ्यावर रचण्याऐवजी खोक्यात रचायचे. या गटाचे उत्पादन घसरले ते घसरलेलेच राहिले आणि चाळीस दिवसांत १७ टक्के लोक काम सोडून गेले. दुसऱ्या एका गटाने आपले प्रतिनिधी निवडून त्यांच्यामार्फत बदलात भाग घेतला. तो काही दिवसांत सावरला. आणखी दोन लहान गटांत मात्र सगळ्यांनीच मिळून नवी पद्धत ठरवली. त्यांच्या सूचना इतक्या भराभर येऊ लागल्या की टिपून घेणाऱ्याची तारांबळ उडाली. हे गट सर्वांत लवकर पूर्वीच्या वेगावर आले आणि पुढे पूर्वीपेक्षा सुमारे १४ टक्के जास्त काम करू लागले.

प्रयोगाचा मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग याच्या पुढचा आहे. अडीच महिन्यांनी त्या पहिल्या, बिघडलेल्या गटातील उरलेल्या तेरा जणांना पुन्हा एकत्र आणले, त्यांना आणखी एका नव्या कामावर घेतले, आणि या वेळी बदल त्यांच्यासह ठरवला. तीच माणसे झपाट्याने सावरली आणि पूर्वीच्या वर गेली. दोन्ही वेळा माणसे तीच होती. 'आमची माणसेच तशी आहेत' या म्हणण्याला त्यानंतर काय आधार उरतो, ते आपणच पाहावे.

एक कबुली येथेच देतो. मी स्वतः एका कारखान्यात हजेरीची आणि पाळीची पद्धत बदलताना शनिवारी दुपारी सूचना फलकावर लावली आणि सोमवारपासून ती अमलात आणली. मसुदा उत्तम होता, वकिलांनी तपासलेला होता. पण रात्रपाळीच्या बसची वेळ नव्या पाळीशी जुळत नाही, ही साधी गोष्ट आम्हा साहेबलोकांना कोणालाच ठाऊक नव्हती. ती ठाऊक असलेली चारशे माणसे त्याच आवारात होती आणि आम्ही त्यांना विचारले नव्हते. पुढचे तीन आठवडे मी 'विरोध' हाताळत होतो, असे माझ्या अहवालात लिहिलेले आहे.

आपल्या फौंड्रीपुरते सांगायचे तर प्रथम सॉफ्टवेअरमधील रिजेक्शनच्या कारणांची यादी काढून काकांसमोर ठेवा. अशा याद्या विकणाऱ्याने सगळ्या फौंड्र्यांसाठी एकच बनवलेल्या असतात. त्यातली निम्मी कारणे आपल्याकडे घडत नसतील आणि आपल्याकडची नेहमीची दोन-तीन यादीत नसतील. काका आणि तिन्ही पाळ्यांचे सुपरवायझर यांनी मिळून आपल्या बोलीत ती यादी पुन्हा लिहावी, त्यात वाळूची नोंद यावी, आणि विक्रेत्याने त्याप्रमाणे बदल करून द्यावा. पैसे पडले तरी चालतील. त्यानंतरचे तीन महिने टॅबवरील आकड्यावरून कोणालाही बोल लावणार नाही, असे स्वतः शॉप फ्लोअरवर उभे राहून सांगा आणि पाळा. हे तीन महिने आपल्याला फार जड जातील. सकाळचे आकडे केबिनमध्ये न पाहता, भट्टीपाशी सुपरवायझरसह उभ्याने पाहत जा. डायऱ्या बंद करण्याची तारीख मात्र आपण ठरवू नका. टॅबवरचे आकडे खरे येऊ लागले की डायरीत दुसऱ्यांदा लिहिण्याचा कंटाळा त्यांनाच येईल.

प्रश्न : बदलाची आखणी करण्यासाठी बाहेरचा सल्लागार नेमावा का? त्याचे शुल्क आमच्या लहान उद्योगाला बरेच मोठे वाटते.

उत्तर : तांत्रिक काम असेल, म्हणजे करप्रणाली, यंत्रांची मांडणी, सॉफ्टवेअर, तर अवश्य नेमावा. कामगारांना अप्रिय बातमी सांगण्यासाठी नेमू नये. तो निघून गेल्यावर ती बातमी आपल्याकडेच परत येते, व्याजासह.

प्रश्न : चाकणजवळच्या आमच्या सुट्या भागांच्या कारखान्यात पाळ्यांची रचना बदलायची आहे. कामगार संघटनेला निर्णय पक्का झाल्यावर सांगावे की आधी? आधी सांगितले तर विरोधाला वेळ मिळतो, असे आमच्या संचालकांचे म्हणणे आहे.

उत्तर : येथे काही प्रमाणात कायद्यानेच आपल्यासाठी निर्णय घेतलेला आहे. औद्योगिक विवाद अधिनियमाच्या ९अ कलमानुसार कामाचे तास, विश्रांतीच्या वेळा, पाळ्यांतील बदल यांसारख्या बाबतींत एकवीस दिवसांची नोटीस द्यावी लागत असे आणि त्या अधिनियमाच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही ही तरतूद ठेवलेली आहे. आपल्या कारखान्याला नेमके काय लागू होते, ते कामगार कायद्याच्या वकिलाकडून तपासून घ्या. परंतु नोटीस ही चर्चेची जागा घेऊ शकत नाही, हे संचालकांना सांगावे लागेल. नोटिशीच्या दिवशी संघटनेला प्रथमच कळले, तर ते एकवीस दिवस विरोधाची तयारी करण्यातच जातात.

आपल्या देशातील बँकांचे उदाहरण घ्या. बँकांत संगणक आणण्याला कर्मचारी संघटनांचा तीव्र विरोध होता आणि त्यामागे नोकऱ्या जाण्याची भीती होती. १९८३ साली संघटनांशी करार झाला, त्याच सुमारास अर्थतज्ज्ञ सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने यांत्रिकीकरणाची दिशा सुचवली, आणि शाखांत जी पहिली यंत्रे आली त्यांना संगणक न म्हणता 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन' असे लांबलचक नाव दिले गेले. आज त्या नावाचे हसू येते. मला मात्र त्यात शहाणपण दिसते: खातेवही लिहिणाऱ्याला त्याच खातेवहीचे यंत्र दिले जात आहे, एवढेच त्या नावातून सांगितले जात होते. पुढची पावले टप्प्याटप्प्याने, करारामागून करार करत पडली. वेग फार कमी होता, अशी टीका होते आणि ती बरीचशी खरी आहे. आपल्याला दहा वर्षे लावायची नाहीत. तरीही पाळीचे वेळापत्रक अंतिम करण्यापूर्वी, त्यातले काय बदलता येण्यासारखे आहे आणि काय नाही, हे प्रामाणिकपणे दोन वेगळ्या कागदांवर लिहून संघटनेच्या पदाधिकाऱ्यांपुढे ठेवा. सगळेच ठरलेले असताना मत विचारण्याचे नाटक करू नका. कामगारांना ते पहिल्या दहा मिनिटांत कळते.

प्रश्न : मी एका नागरी सहकारी बँकेत शाखाधिकारी आहे. कर्जप्रकरणे आता पूर्णपणे नव्या संगणकीय प्रणालीतून करायची आहेत. मुख्य कार्यालय रोज आकडे मागते, तर शाखेतले सहकारी माझ्यावर चिडतात. चुका झाल्या की त्या लपवल्या जातात आणि महिनाअखेरीस एकदम बाहेर येतात. वरचेही मलाच बोलतात, खालचेही मलाच. मी काय करावे?

उत्तर : आपली जागा सर्वांत कठीण आहे, आणि आश्चर्य म्हणजे बदलाच्या सादरीकरणांत तिचा उल्लेखही नसतो. वरिष्ठ घोषणा करतात, कनिष्ठ काम करतात. मधल्या माणसाला दोन्हींचे भाषांतर करावे लागते.

चुका लपवल्या जाणे हीच आपली खरी अडचण आहे, बाकीच्या तिच्यातून निघतात. कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा एक कारखाना होता. गैरहजेरी, संप आणि खराब गाड्या यांसाठी तो कुप्रसिद्ध होता, आणि कंपनीने तो १९८२ साली बंद केला. १९८४ साली टोयोटाबरोबरच्या भागीदारीत तो 'नम्मी' या नावाने पुन्हा सुरू झाला. कामगार बहुसंख्येने जुनेच, संघटनाही तीच, व्यवस्थापनाची पद्धत मात्र टोयोटाची होती. जुन्या कारखान्यात काहीही झाले तरी गाड्या जोडण्याची लाइन थांबवायची नाही असा दंडक होता. त्यामुळे सदोष गाडी तशीच पुढे ढकलली जाई आणि दुरुस्ती शेवटी होत असे. नव्या व्यवस्थेत प्रत्येक कामगाराला अडचण येताच दोरी ओढण्याचा अधिकार मिळाला. दोरी ओढली की गटप्रमुख धावत येई. अडचण ठरलेल्या वेळात सुटली नाही, तरच लाइन थांबे. काही काळातच तेथील गाड्यांचा दर्जा आणि हजेरी या दोन्हींत मोठी सुधारणा झाली.

या गोष्टीत सगळ्यांचे लक्ष दोरीकडे जाते. आपण धावत येणाऱ्या गटप्रमुखाकडे पाहावे, कारण ती आपली जागा आहे. त्याला त्यासाठी वेगळे शिक्षण देऊन तयार केले होते; असे शेकडो लोक जपानमधील कारखान्यात पाठवले गेले होते. तो येऊन प्रथम मदत करतो, जाब विचारत नाही, एवढे अनुभवाला आले तरच माणूस दुसऱ्यांदा दोरी ओढतो. शिवाय कंपनीने कामगारकपात हा अगदी शेवटचा उपाय राहील असे करारात मान्य केले होते, आणि १९८८ च्या सुमारास विक्री घटली तेव्हा लोकांना घरी न पाठवता प्रशिक्षणाला लावून तो शब्द पाळला. जनरल मोटर्सच्या इतर कारखान्यांनी हीच पद्धत उचलायचा प्रयत्न केला, तेव्हा अनेक ठिकाणी दोरी बसली आणि ती ओढणाऱ्याला दटावणारा जुना साहेबही तसाच राहिला. परिणाम काय झाला असेल, ते सांगायला नको.

आपल्या शाखेत आपण एवढे करू शकता: रोज कामकाज संपल्यावर पंधरा मिनिटे त्या दिवशी प्रणालीत अडलेल्या प्रकरणांसाठी राखून ठेवा, आणि पहिल्या दिवशी स्वतःची एक चूक सांगून सुरुवात करा. खरी चूक सांगा, बनावट नम्रता नको. मुख्य कार्यालयाला पाठवण्याच्या आकड्यांबरोबर अडलेल्या प्रकरणांची संख्याही पाठवत जा. सुरुवातीला आपली शाखा इतरांपेक्षा वाईट दिसेल. त्याची कल्पना वरिष्ठांना आधीच लेखी द्या, म्हणजे महिनाअखेरीला तो आपला दोष ठरणार नाही. कार्यालयाला वाईट आकडे सहन होत नसतील, तर हा बदल आपल्या एकट्याच्या हातात नाही, हेही मान्य करावे; त्याचा भार आपल्या मनावर घेऊ नये.

प्रश्न : सांगली जिल्ह्यात आमचा शेती अवजारांचा कारखाना आहे. ज्या अवजारावर वडिलांनी नाव कमावले ते आता तोट्यात आहे. ते बंद करून मी नव्या उत्पादनांकडे वळू इच्छिते. वडिलांचे वय ७६. ते म्हणतात, 'मी असेपर्यंत हे बंद होणार नाही.' कामगारही त्यांच्याकडेच पाहतात. त्यांना न दुखावता हे कसे करावे?

उत्तर : न दुखावता होणार नाही. दुखावणे गृहीत धरूनच मार्ग काढावा लागेल.

पुण्याच्या बजाज ऑटोत हे सगळ्या देशासमोर घडले. 'चेतक' स्कूटर १९७२ सालची. तिच्यावर कंपनीचे नाव उभे राहिले. राजीव बजाज यांनी कंपनी मोटारसायकलींकडे वळवली, २००१ साली 'पल्सर' आणली, आणि २००९ च्या डिसेंबरात स्कूटरचे उत्पादन पूर्ण थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. त्यांचे वडील राहुल बजाज अध्यक्ष होते. आपल्याला याचे वाईट वाटते, हे राहुल बजाज यांनी लपवले नाही, जाहीरपणे सांगितले. तरी निर्णय फिरला नाही. यातून वडिलांविरुद्ध मुलगा बरोबर, असा सोपा अर्थ कृपया काढू नका. मोटारसायकलींनी कंपनीला बळ दिले हे खरे. पण होंडाच्या 'ॲक्टिव्हा'ने बिनगिअरच्या स्कूटरचा मोठा बाजार उभा केला, आणि स्कूटर थांबवल्यावर त्यात बजाजची गाडी राहिली नाही. पुढे २०२० साली 'चेतक' हे नाव विजेवरच्या स्कूटरवर परत आले. म्हणजे जुने यंत्र गेले, तरी नावाची किंमत शिल्लक होती. वडिलांच्या हट्टात कधी कधी अशी एखादी किंमत दडलेली असते आणि ताळेबंदात ती दिसत नाही.

म्हणून वडिलांना 'बंद करू का' असे विचारण्याऐवजी हे अवजार आज नेमके कोण विकत घेते, हे त्यांच्यासह जाऊन पाहा. चार-पाच तालुक्यांतील जुन्या विक्रेत्यांकडे आणि शेतकऱ्यांकडे जा, हिशेबाच्या फायली घरी ठेवा. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी घ्यायला तयार नव्हते, लोखंडाने जमीन बिघडते असा समज होता. आपल्या वडिलांच्या पिढीने असे नकार पचवूनच धंदा केला आहे. गिऱ्हाईक मागेनासे झाले, ही गोष्ट त्यांना आपल्यापेक्षा लवकर कळेल, मात्र ती गिऱ्हाइकाच्या तोंडून कळली पाहिजे. कदाचित आपल्यालाच एखादा भाग अजून चालतो असे आढळेल. तसे झाल्यास तो ठेवा.

त्यानंतरही बंद करणेच योग्य ठरले, तर घोषणा वडिलांनी करावी, आणि विकलेल्या अवजारांचे सुटे भाग किती वर्षे मिळत राहतील हा आकडा त्यांनीच ठरवावा. त्यांनी सांगितलेली वर्षे आपल्याला जास्त वाटतील. घासाघीस करू नका. त्या विभागातील कामगारांना नव्या उत्पादनावर घ्यायचे असेल, तर कोण कोणत्या कामाला जाईल ती यादी घोषणेच्या आधी तयार हवी, कारण वडिलांचे भाषण संपताच पहिला प्रश्न तोच येईल, आणि तो आपल्याला नव्हे, त्यांना विचारला जाईल.